नमुन्याचा नवरदेव

जानराव मेश्राम भिलाईच्या स्टील प्लांटच्या पॉवर हाउसमधून रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली होती. टर्बाइनच्या शेजारी बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे, आणि दुसऱ्याचं हळू बोलणं ऐकूही येत नसे. बायको कमला गेल्यापासून कोहक्याच्या घरात ते आणि त्यांची मुलगी आम्रपाली, दोघंच. आम्रपाली अठ्ठावीस वर्षांची. घरी बसून कंपन्यांसाठी मोबाइलचे स्क्रीन डिझाइन करायची. कोणतं बटण कुठं, कोणत्या रंगाचं, दाबलं की काय उघडेल, असलं ते काम. जानराव लोकांना सांगत, “पोरगी कंप्यूटरवर पाट्या रंगवते,” आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

बुद्ध विहाराच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते सचिव होते. दरवर्षी बायोडाटांची पुस्तिका निघायची. मागच्या वर्षी छापखान्यात दोन पानं उलटसुलट झाली आणि डोंगरगडच्या एका मुलीच्या नावाखाली बालोदच्या पैलवानाचा फोटो आला. त्यामुळे यंदा अध्यक्ष सिंधुताईंनी जाहीर केलं, “पुस्तिका बंद. ॲप करू. जानरावजींची पोरगी करून देते.”

आम्रपाली तयार झाली. पण पहिल्याच मीटिंगला तिनं एक प्रश्न समितीपुढे ठेवला आणि तिथंच सगळं अडलं.

“आता हाताने एकेक स्क्रीन काढा लागत नाई,” ती म्हणाली. “काय पाहिजे ते एआयले शब्दात सांगतलं की ते डिझाइन काढून देते. पण दोन प्रकार आहेत. एक हॉस्टेड, म्हणजे ते दुसऱ्याच्या कंप्यूटरवर चालते, आपण इथून फक्त सांगाचं. दुसरं ओपन सोर्स. ते उतरवून घ्याचं आन् आपल्याच कंप्यूटरवर चालवाचं. कोणतं घेऊ?”

“पहिल्यात आपले बायोडाटा कोठी जातीन?” जानरावांनी विचारलं.

“त्यायच्या सर्वरवर.”

“ते कोठी आहे?”

“माहीत नाई, बाबा. बाहेरच्या देशात असंन.”

जानराव उठून उभेच राहिले. “आपल्या पोरीयचे फोटो, उंची, पत्ते, सगळं बाहेरच्या देशात? मले सांगा, प्लांटनं स्वतःचं पॉवर हाउस कावून ठेवलं? शहरात बिजली नव्हती म्हणून? बाहेरच्याच्या भरवशावर भट्टी ठेवली त एक दिवस ती थंडी पडते. आपली चीज आपल्या घरी पाहिजे.”

सिंधुताई तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी शाळेतलाच उपाय काढला. “दोन्हीची परीक्षा घे, आम्रपाली. पुढच्या रविवारी दाखव.”

सोमवारी आम्रपालीनं ओपन सोर्सवालं टूल उतरवून घेतलं. मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिनं पहिला स्क्रीन मागितला आणि टेबलाखालच्या कंप्यूटरच्या डब्याचा पंखा असा काही फिरायला लागला की शेजारची नीतू भिंतीवरून डोकावून विचारून गेली, “अंकल, बोरवेल खुद रहा है क्या?” खोली तापली. कूलर ओढून डब्यासमोर ठेवावा लागला. बाप-लेक घामाने भिजली, पण जानराव मात्र खूश होते. ते खुर्ची टाकून डब्याजवळ बसले आणि मधून मधून हाताचा पंजा त्यावर ठेवून, जुन्या सवयीने, गरमाई तपासू लागले.

“आवाज चांगला आहे,” ते म्हणाले. “बेअरिंग बरोबर आहे.”

अकरा मिनिटांनी स्क्रीन आला. निळा रंग सुरेख, चौकटी सरळ. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘वध-वर परिचय मेळावा’.

आम्रपालीनं चूक दाखवून पुन्हा मागितला. आणखी अकरा मिनिटं गेली. ‘वधू-वार परिचय मेळावा’. तिसऱ्या वेळी मथळा बरोबर आला, पण खालच्या बटणावर ‘संपर्क करा’ऐवजी ‘संपर्क मरा’ आलं.

“बाबा, याच्या मनात काहीतरी वाईट आहे,” आम्रपाली म्हणाली.

“नवीन आहे. ट्रेनी आहे,” जानराव म्हणाले. “ट्रेनी पहिल्या दिवशी वॉल्व उलटाच फिरवते. म्हणून काय त्याले गेटबाहेर काढाचं?”

मंगळवारी हॉस्टेडची पाळी. त्याला ना पंखा, ना गरमाई. चाळीस सेकंदांत पाच स्क्रीन हजर. पिंपळपानाची नक्षी, गोड गुलाबी बटणं, मराठी अगदी पाठ्यपुस्तकासारखी शुद्ध. आम्रपालीनं मान डोलावली. मग जानराव चष्मा लावून वाचायला लागले. सगळ्यात वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’. खाली नाव, शिक्षण, आणि मग रास, नक्षत्र, गण, नाडी, गोत्र, मंगळ आहे किंवा नाही.

“हे कोण्या गुरुजीच्या घरचं मशीन आहे वो?” जानरावांनी विचारलं.

तिनं त्याला लिहून सांगितलं की हा बौद्ध समाज आहे, इथं पत्रिका पाहत नाहीत. त्यानं नम्रपणे माफी मागितली, सगळं काढून टाकलं आणि पुढच्या स्क्रीनवर बारीक अक्षरात मंगळ पुन्हा घातला. तिनं आणखी एकदा, चांगलं अर्धं पान लिहून सांगितलं, तेव्हा कुठं मंगळ गेला.

“पाहा, यालेबी सांगाच लागते,” जानराव म्हणाले.

“यानं दुसऱ्या वेळी ऐकलं, बाबा. तुमचा ट्रेनी अजून ‘मरा’च म्हणून राहिला.”

जानरावांनी एक अट मात्र घातली. हॉस्टेडमध्ये समाजातल्या एकाही खऱ्या माणसाचं नाव टाकायचं नाही. आम्रपालीलाही ते पटलं. पण नुसत्या रिकाम्या चौकटी समितीला दाखवून काय कळणार? नमुन्याला एखादा तरी बायोडाटा हवा. तो तिनं शुक्रवारी सकाळी स्वतःच रचला, आणि त्या वेळी तिचं डोकं जरा फिरलेलं होतं. चहाच्या वेळेला जानरावांनी तिच्यासमोर बालाघाटच्या एका मुलाचा बायोडाटा ठेवला होता. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘मुलीने लग्नानंतर नोकरी सोडावी.’ ती कप उचलून आत गेली आणि बसून प्रेमानंद रामटेकेला जन्म दिला.

प्रेमानंदचं वय एकतीस, उंची पाच फूट दहा इंच, नोकरी सरकारी. फोटो त्या टूलनंच बनवून दिला: निळा शर्ट, गालावर खळी. फोनचं बटण लागतं की नाही हे पाहायला तिनं बाबांचा नंबर घातला, आणि गाव भिलाई. मग सिंधुताईंना लिंक पाठवली, “डिझाइन कसं वाटते, पाहून सांगा.” सिंधुताईंनी तीच ओळ जशीच्या तशी लिहून लिंक महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली. लिंक ज्याच्या हाती, त्याला सगळं दिसत होतं. ती बंद करून ठेवायची सोय होती, पण आम्रपालीच्या ते ध्यानातच आलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता पहिला फोन आला.

“जय भीम. मी गोंदियाहून बोलून राहिलो. प्रेमानंद आहे का?”

“रॉंग नंबर,” जानराव म्हणाले.

“बरं, तुमी त्याचे कोण?”

“मी कोणाचाच कोणी नाई.”

“बरं बरं, तुमचं ठरलं नसंन तोवर सांगू नका. पण आमची मुलगी एम.एस्सी. आहे, एवढं लक्षात ठेवा.”

दुसरा फोन भंडाऱ्याहून, तिसरा रसमड्याहून. चौथ्या बाईंनी सांगितलं की मुलाला त्यांनी स्वतः दुर्ग स्टेशनवर पाहिलेला आहे, फोटोपेक्षा थोडा सावळा आहे, पण चालेल. जानरावांनी चिडून विचारलं की हे सगळं लिहिलंय तरी कुठं. तेव्हा त्या बाईंनी त्यांच्याच मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. जानरावांनी चष्मा लावला आणि ओसरीच्या पायरीवर बसून बायोडाटा वरपासून वाचायला घेतला.

‘स्वयंपाक येतो. स्वतःचे कपडे स्वतः धुतो, बनियानसुद्धा. पत्नीची नोकरी जिथे असेल तिथे राहण्यास तयार. मुलीचे वडील एकटे असतील तर त्यांना आनंदाने सोबत ठेवीन. वडील मोठ्याने बोलत असले तरी चालेल.’

शेवटच्या दोन ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. मोबाइल वाजत होता, पण त्यांनी तो उचलला नाही. मग आत जाऊन त्यांनी आम्रपालीला एवढंच विचारलं, “हा प्रेमानंद तू बनवला का?”

तिनं स्क्रीन पाहिला आणि पटकन लिंक बंद केली. पण तोवर प्रेमानंद फोटोच्या रूपानं गावोगाव पोचला होता. त्याला आता कोण परत बोलावणार. बालाघाटचा बायोडाटा टेबलावरच पडून होता. जानरावांनी तो उचलला, घडी केली आणि खिशात घातला.

दुपारी दारात एक मोटरसायकल थांबली. चरोद्याच्या रेल्वे यार्डात सिग्नलचं काम करणारा नरेश गजभिये, तेहतीस वर्षांचा, उन्हातून आलेला, गळ्यात गमछा. प्लांटमधल्या ओळखीच्या कोणाकडून तरी त्यानं नंबरवरून जानरावांचा पत्ता काढला होता.

“मले प्रेमानंदले भेटाचं आहे,” तो म्हणाला. “भांडाचं नाई, काका. फक्त एकदा पाहाचं आहे.”

“कावून गा?”

“माह्यं लग्न जमत आलं होतं. राजनांदगावच्या देवाजी वैद्यांची पोरगी, गुंजन. आज सकाळी देवाजींचा फोन आला, जरा थांबा, आमी एक दुसरा पोरगा पाहून राहिलो. मी विचारलं, कोण? त म्हणते, भिलाईचा प्रेमानंद. बनियान स्वतः धुते.”

जानरावांनी त्याला पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. नरेशचा विश्वास बसेना. शेवटी आम्रपालीनं त्याला कंप्यूटरसमोर बसवलं आणि टूलला आणखी फोटो मागितले. चार प्रेमानंद एका ओळीत आले, चौघांच्याही गालावर खळ्या. नरेशनं एकेकाच्या खळीवर बोट ठेवून पाहिलं.

“यातला कोणता?” त्यानं विचारलं.

“कोणताच नाई. हा माणूसच नाई.”

“मंग तुमी नांदगावले येऊन सांगा,” नरेश म्हणाला. “माह्यं कोण ऐकते?”

चूक आपल्या घरची होती. जानरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि संध्याकाळच्या आत ते आणि नरेश लोकल पकडून राजनांदगावला देवाजींच्या घरी पोचले. देवाजी सहकारी बँकेतून रिटायर झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सरबत दिलं, आणि जानरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जानरावजी, मी समजतो. तुमच्याबी घरी लग्नाची पोरगी आहे. चांगला पोरगा हाती लागला त कोणीबी लपवते. मी राग नाई मानत.”

“अहो, तो नाईच आहे,” जानराव आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

“नंबर तुमचा, गाव तुमचं, आन् पोरगा नाई?”

जानरावांनी आम्रपालीला व्हिडिओ लावला. तिनं आपला स्क्रीन दाखवत दाखवत प्रेमानंदला चष्मा लावला, मग टक्कल पाडलं, मग मिशी दिली. देवाजी मोबाइल हातात धरून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून, प्रेमानंदसारखं स्थळ हातचं जातंय हे स्पष्ट दिसत होतं.

“मिशीत जास्त चांगला दिसते,” ते शेवटी म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

आतल्या दारात गुंजन उभी होती. नांदगावच्या शाळेत ती गणित शिकवायची. ती बाहेर आली, आपल्या मोबाइलमधला बायोडाटा उघडला आणि नरेशसमोरच्या खुर्चीवर बसली. दोन वेळा चहा-पोहे झाले होते, पण ती समोर बसून बोलली ती आज पहिल्यांदा.

“स्वयंपाक येते का?”

“वरण-भात येते. भाजी येते. पोया गोल होत नाई,” नरेश म्हणाला.

“बनियान कोण धुते?”

नरेशनं जानरावांकडे पाहिलं. जानरावांनी छताकडे पाहिलं. “आई धुते,” तो म्हणाला. “उद्यापासून मी धुईन.”

“माही बदली कवर्ध्याले झाली त?”

इथं नरेश थांबला. देवाजी डोळ्यांनी त्याला खुणावत होते की हो म्हणून टाक. नरेश गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

“कवर्ध्याले रेल्वे नाई,” तो हळूच म्हणाला. “मले विचार करा लागीन. आत्ता हो म्हटलं त ते खोटं होईन.”

जानरावांना वाटलं, गेलं हे लग्न, आणि तेही आपल्या पोरीच्या कंप्यूटरमुळे.

गुंजननं मोबाइल बंद करून मांडीवर ठेवला. “बाबा, त्या फोटोवाल्यानं सगळ्यालेच हो म्हटलं आहे,” ती देवाजींना म्हणाली. “सगळ्यालेच हो म्हणणारे पोट्टे माह्या वर्गात आहेत. त्यायच्या वह्या कोऱ्या असतात. यायले विचार करू द्या.”

देवाजींनी मग दोघांनाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या लोकलमध्ये दुर्ग आल्यावर नरेशनं विचारलं, “काका, बनियान पांढरी राहाले काय टाकाचं?” जानरावांना ते माहीत नव्हतं, कमला होती तोवर तिनं धुतली आणि नंतर मशीननं. त्यांनी तसं कबूल केलं.

रविवारच्या मीटिंगला विहार भरला होता, कारण प्रेमानंदची गोष्ट सगळ्यांपर्यंत गेली होती. सिंधुताईंनी लिंक आपणच पुढं पाठवली हे आधी सांगून टाकलं. मग आम्रपाली उठली, पण जानरावांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः बोलायला उभे राहिले. माइक द्यायचा प्रश्नच नव्हता.

“मी म्हटलं होतं, आपली चीज आपल्या घरी. आजबी तेच म्हणतो. कालचा पोरगा खोटा होता म्हणून निभलं. खऱ्या पोरीचा फोटो असा गावोगाव गेला असता त मी कोणाच्या दारात जाऊन काय सांगतलं असतं?” त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं. “पण मी अर्धीच गोष्ट सांगतली होती. आमच्या पॉवर हाउसलेबी बाहेरच्या ग्रिडची लाइन जोडली होती. गरज पडली की घेत होतो. फक्त लाइन तोडाचा ब्रेकर आपल्या हाती होता. त रिकामं डिझाइन बाहेरच्यावर काढा, त्याचा हात सफाईदार आहे. त्यात एकाबी माणसाचं नाव नको. ते डिझाइन उतरवून विहाराच्या कंप्यूटरवर आणा. लोकायची माहिती इथंच राहीन, या खोलीत, कुलुपात. पुढं बारीकसारीक बदल आपल्या घरच्या टूलवर करा.”

“त्याच्या काना-मात्रा कोण पाहीन?” मागून कोणीतरी विचारलं.

“मी पाहीन,” सिंधुताई म्हणाल्या. “तीस वर्षं तेच केलं.”

आम्रपाली वडिलांकडे पाहत होती. आठवडाभर तिनं तयार केलेलं भाषण जवळजवळ हेच होतं, पण त्यात पॉवर हाउस नव्हतं, आणि पॉवर हाउसशिवाय ते या लोकांना पटलं नसतं हे तिला कळलं. ठराव पास झाला. मग सिंधुताईंनी आणखी एक ठराव मांडला: गुंजननं नरेशला विचारलेले तिन्ही प्रश्न मुलांच्या फॉर्ममध्ये घालावेत. पुरुषांच्या बाजूनं थोडी चुळबुळ झाली. एकजण म्हणाला की बनियानचा प्रश्न खाजगी आहे. सिंधुताईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि तोही ठराव पास झाला.

जूनमधल्या मेळाव्याला दोनशेवर नावं नोंदली गेली. विहाराच्या कोपऱ्यात कंप्यूटर ठेवला होता आणि मुलांची रांग त्याच्यापुढं अडून बसली होती, कारण एकेकजण ‘स्वयंपाक येतो का’ या चौकटीशी येऊन थांबत होता. काहींच्या आया पुढं होऊन पटापट सांगायच्या, “लिहा, सगळं येते.” त्यामुळे आम्रपालीनं जानरावांना तिथं खुर्ची टाकून बसवलं होतं. काम एकच, आयांना मागं ठेवायचं.

नरेश आणि गुंजन वऱ्हांड्यात बोलत बसले होते. नरेशनं कवर्ध्याच्या बसचं टाइमटेबल आणलं होतं, आणि गुंजन त्यातल्या वेळा तपासत होती.

चार वाजता आम्रपाली चहा घेऊन वडिलांजवळ आली. “तुह्या नावाचा फॉर्म भराचा का?” त्यांनी विचारलं. त्यांच्या मानानं ते हळूच होतं. तरी पाच-सहा माणसांनी वळून पाहिलं.

“यंदा नाई, बाबा. यंदा मी पाहून राहिली, कोण काय लिहिते ते.”

“बरं,” जानराव म्हणाले आणि कप हातात घेतला. समोर धमतरीहून आलेला एक इंजिनिअर मुलगा चौकटीत ‘अंडा’ एवढं लिहून थांबला होता आणि त्याची आई मागून मान लांब करत होती.

“बाई, मांगं राहा,” जानराव म्हणाले. “त्याले आठवू द्या.”